कोलंबोतील वैशाख पौर्णिमा

मायच्या पासपोर्टचा अर्ज भरताना आम्ही जन्मतारखेच्या रकान्यापाशी अडलो. आधार कार्डावर १ जानेवारी १९४५ अशी तारीख आहे. ती गावातल्या शिबिरात यंत्रापुढे बसलेल्या मुलाने स्वतःच्या मनाने टाकलेली. मायला विचारले तर तिचे उत्तर ठरलेले असते, ‘‘दीक्षेच्या साली मी डोक्यावर टोपलं उचलण्याएवढी झाली होती.’’ इतिहासाचा शिक्षक म्हणून मी वर्गात इसवी सन, शालिवाहन शक आणि बुद्धवर्ष या कालगणना समजावून सांगतो. माझ्या घरात मात्र चौथीच कालगणना चालत आली आहे : दीक्षेआधी आणि दीक्षेनंतर.

या स्मरणिकेसाठी एखाद्या संस्मरणीय प्रवासाविषयी लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा कोलंबोतील आमचा पहिला दिवस डोळ्यांपुढे आला. तो माझ्यापेक्षा मायचा दिवस आहे. आणि माय म्हणजे कोण, हे आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना सांगण्याची गरज नाही. १९७९ पासून पुढे सव्वीस वर्षे ज्यांनी आपल्या वसतिगृहाच्या भोजनगृहात पंगतीला मांडी घातली, त्या सर्वांची ती ‘मावशी’ आहे. आजही एखादा माजी विद्यार्थी भेटला की माझी चौकशी नंतर करतो. आधी विचारतो, ‘‘सर, मावशी कशा आहेत?’’ आणि हसत हसत तिचे ते वाक्य म्हणून दाखवतो, ‘‘टाकू नोको, ठेव!’’ वाढपी मुलाने पोळी उंचावरून ताटात सोडली की भोजनगृहाच्या कोपऱ्यातून हे वाक्य यायचेच. पोळी वाकून, ताटाला हात लावून ठेवायची. हा नियम शाळेच्या कोणत्याही नियमावलीत छापलेला नव्हता. पण तो मोडायची हिंमत माझ्यासारख्या तिच्या पोटच्या मुलालाही झाली नाही. त्याचे कारण आम्हा मुलांना तेव्हा ठाऊक नव्हते.

कोलंबोला जायचे ठरले ते पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या मुलामुळे. तिकिटे त्याने काढली. त्याला स्वतःला मात्र सुट्टी मिळाली नाही. म्हणून माय, माझी सहचारिणी, विधी शाखेत शिकणारी मुलगी आणि मी असे चौघे निघालो. शाळेला उन्हाळी सुट्टी होती आणि २३ मे २०२४ रोजी वैशाख पौर्णिमा येत होती. मायने आधी नकार दिला. ‘‘माह्या गुडघ्यानं आता विमान चढनं होते का?’’ असे म्हणाली. मग बुद्धाचा देश आहे असे नातीने सांगितल्यावर दोन दिवस गप्प राहिली आणि तिसऱ्या दिवशी पांढरे लुगडे इस्त्रीला दिले.

मुंबईहून अडीच तासांचा प्रवास. आदल्या रात्री उशिरा उतरलो. आपले आणि तिथले घड्याळ एकच असल्यामुळे परदेशात आल्याची पहिली खूणही नाहीशी झाली होती. बोरेल्ला भागातल्या एका घरगुती निवासात दोन खोल्या घेतल्या होत्या. सकाळी जाग आली ती रस्त्यावरच्या ध्वनिक्षेपकातून येणाऱ्या सुत्तपठणाने. खिडकी उघडली तर संपूर्ण रस्ता पंचरंगी ध्वजांच्या माळांनी झाकलेला. प्रत्येक दारात कागदी कंदील. माय खिडकीशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘इथं बी आपलाच झेंडा!’’

तिला काय सांगावे, हा माझा दिवसभराचा प्रश्न तिथूनच सुरू झाला. आपल्या शाळेच्या प्रांगणात दर पौर्णिमेला जो ध्वज चढतो, तो याच शहरात जन्मला. १८८५ साली इंग्रज सरकारने वैशाख पौर्णिमेची सुट्टी मान्य केली, आणि त्या वर्षी २८ एप्रिलच्या पौर्णिमेला कोलंबोच्या कोटाहेना भागातील विहारात तो प्रथम फडकला. पुढे १९५०च्या दशकात जागतिक बौद्ध संघटनेने तो स्वीकारला आणि मग तो आपल्या वस्त्यांत आला. म्हणजे ‘आपलाच झेंडा’ हे मायचे म्हणणे खरेच होते. केवळ वाट उलटी होती.

न्याहारीला घरमालकिणीने नारळाच्या दुधात शिजवलेला भात वडीसारखा कापून ठेवला होता. त्याला ‘किरिबत’ म्हणतात. ‘बत’ म्हणजे भात. मायला हा शब्द फार आवडला. सिंहली ही आपल्या भाषांच्या कुळातलीच. हाताला ‘अत’ आणि दाताला ‘दत’ म्हणणारी. माय त्या बाईंशी वऱ्हाडीत बोलत होती, त्या तिच्याशी सिंहलीत बोलत होत्या, आणि दोघींचे व्यवस्थित चालले होते. दुभाषा होऊ पाहणाऱ्या माझ्याकडे कोणाचेही लक्ष नव्हते.

दिवसभरासाठी आम्ही एक तीनचाकी रिक्षा ठरवली. चालक पन्नाशीचा, तमिळ भाषिक, हिंदी चित्रपटांवर पोसलेले मोडकेतोडके हिंदी बोलणारा. नुवारा एलियाच्या बाजूच्या चहामळ्यात त्याचे आईवडील पाने खुडत असत. चौघांना त्याने दाटीवाटीने बसवले, मायला कडेची जागा दिली आणि पहिल्यांदा फोर्ट रेल्वे स्थानकासमोर आणले. माझाच तसा आग्रह होता. पर्यटक सहसा तिथे गाडी पकडण्यासाठी जातात. मला स्थानकासमोरचा पुतळा पाहायचा होता.

दाढीधारी कर्नल हेन्री स्टील ऑलकॉट तिथे उभा आहे. अमेरिकन यादवी युद्धातील हा सेनाधिकारी १८८० च्या मे महिन्यात या बेटावर आला, गॉल येथे त्याने पंचशील ग्रहण केले आणि मिशनऱ्यांच्या शाळांच्या तोडीस तोड बौद्ध शाळा उभ्या करण्याची चळवळ चालवली. कोलंबोचे आनंद महाविद्यालय त्याच प्रयत्नांतून १८८६ साली निघाले. हाच माणूस पुढे मद्रासेत अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढतो. मी हे सर्व सांगत असताना सहचारिणीने घड्याळाकडे पाहिले. एका परक्या माणसाने शाळा काढल्या म्हणून लोकांनी त्याला रेल्वे स्थानकासमोर उभे केले, एवढे मात्र मायने लक्षात ठेवले. ‘‘मास्तर व्हता का थो?’’ तिने विचारले. नव्हता, असे म्हणालो. पण थोडा होताच.

तिथून मरदाना भागातील मालिगाकंद. हे ठिकाण प्रवासाच्या पुस्तकांत ठळक अक्षरांत नसते. ‘कंद’ म्हणजे टेकडी. हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांनी १८७३ साली येथे विद्योदय परिवेणाची स्थापना केली. आणि १८९८ साली तमिळ देशातील पंडित अयोती दास यांनी ऑलकॉटच्या सोबतीने कोलंबोला येऊन, येथेच सुमंगल महास्थविरांकडून पंचशील घेतले. नागपूरच्या दीक्षेच्या अठ्ठावन्न वर्षे आधी! अस्पृश्य ठरवलेले आपण मूळचे बौद्ध आहोत, हा विचार घेऊन समुद्र ओलांडून आलेला तो माणूस, आणि त्याला नाकारण्याऐवजी जवळ घेणारे ते वृद्ध महास्थविर. बी.ए.च्या पुस्तकांत मला अयोती दास भेटले नव्हते, एम.ए.च्याही नाही. वयाच्या पस्तिशीनंतर स्वतः वाचू लागलो तेव्हा भेटले. आपल्या इतिहासाचे कितीतरी धागे असे अभ्यासक्रमाबाहेरच ठेवलेले असतात.

पौर्णिमेमुळे आवारात शुभ्रवस्त्रधारी स्त्री-पुरुष अष्टशील घेऊन चटयांवर बसले होते. बरेचसे मायच्याच वयाचे. माय त्यांच्यात जाऊन बसली. तिचे पांढरे लुगडे त्या पांढऱ्या वस्त्रांत असे मिसळले की थोड्या वेळाने मला ती शोधावी लागली. भन्तेंनी त्रिशरण-पंचशील सुरू केले. तेच शब्द, तीच पाली. पण चाल फार संथ. मायला आमच्या वस्तीतील महिला मंडळाच्या गतीची सवय. ती सर्वांच्या आधी शेवटाला पोहोचली, क्षणभर इकडेतिकडे पाहिले आणि पुन्हा मागे जाऊन त्यांना सामील झाली. उठल्यावर माझ्या कानाशी म्हणाली, ‘‘यायले पाठ हाय, पन लय दमानं म्हनतेत.’’

त्यानंतर तिने जो प्रश्न विचारला, त्याची मी खरे तर तयारी ठेवायला हवी होती. तिने मूर्तीच्या डाव्या बाजूला पाहिले, उजव्या बाजूला पाहिले आणि विचारले, ‘‘बाबासाहेब कुठी हायेत?’’

आपल्या प्रत्येक विहारात तथागतांशेजारी बाबासाहेब असतात. मायच्या मनात ती दोन चित्रे कधी वेगळी झालेलीच नाहीत. मी सांगितले, की इथे बाबासाहेबांची तसबीर नसते. या लोकांना बुद्ध आधीपासून ठाऊक होता.

‘‘मंग यायले कोनं देल्ला?’’

सम्राट अशोकाचा पुत्र महेंद्र आणि कन्या संघमित्रा इकडे आली, संघमित्रेने बोधिवृक्षाची फांदी आणली, असे मी सांगितले. या गोष्टीला बावीसशेहून अधिक वर्षे झाली.

‘‘म्हंजे इकडूनच आला,’’ माय म्हणाली. ‘‘आपल्यायपासून गेल्ता, आपल्यायले परत भेटला.’’

एम.ए.ला बौद्ध धम्माचा उदय व ऱ्हास या प्रश्नपत्रिकेत मी चार-चार पुरवण्या जोडल्या होत्या. असो.

पायऱ्या उतरताना मुलीने मला बाजूला घेतले. तिने येण्याआधी बरेच वाचले होते. ‘‘बाबा, आजीसमोर विचारले नाही; पण इथल्या संघातही जात आहे ना?’’ आहे. १७५३ साली सयाममधून उपसंपदा आणून येथे जो सियाम निकाय स्थापन झाला, त्याचे द्वार लवकरच केवळ गोविगम या शेतकरी उच्च जातीपुरते उरले. त्याविरुद्ध इतर जातींतील भिक्खू ब्रह्मदेशात गेले, तिथून उपसंपदा घेऊन आले आणि १८०३ साली अमरपूर निकाय उभा राहिला. मुलगी आणखी एक गोष्ट वाचून आली होती. सिंहली समाजात रोडिया नावाचे लोक शतकानुशतके गावाबाहेर ठेवले गेले आणि भीक मागणे हेच त्यांचे नेमून दिलेले जगणे होते. ‘‘मग बुद्धाच्या देशात हे कसे?’’ असा तिचा प्रश्न होता.

आपल्यापैकी अनेकजण श्रीलंका, थायलंड, ब्रह्मदेश यांविषयी माहेराविषयी बोलावे तसे बोलतात. मीही वर्गात तसाच बोलत आलो. या बेटावर १९८३ ते २००९ एवढा दीर्घकाळ रक्त सांडले. १९८१ साली जाफनाचे ग्रंथालय जाळले गेले. आपण ते वाचतो आणि पान उलटतो. मुलीला मी एवढेच म्हणालो, की अयोती दासांना पंचशील देणारे सुमंगल महास्थविर सियाम निकायाचेच होते. ही एक गोष्ट त्या दुसऱ्या गोष्टीला पुसून टाकत नाही आणि ती दुसरी गोष्ट हिलाही पुसत नाही. तिचे समाधान झाले नाही. माझेही झाले नव्हते.

दुपारी बेइरा सरोवराकाठच्या गंगारामय विहारात गेलो. गर्दी अफाट. त्या विहाराचे संग्रहालय पाहून मी थक्क झालो. देशोदेशींच्या बुद्धमूर्तींबरोबर हस्तिदंत, घड्याळे, जुन्या मोटारीसुद्धा तिथे आहेत. भक्तांनी जे जे दिले ते ते ठेवून घेतलेले. मायला ते अडगळीचे घर वाटले. सरोवराच्या पाण्यावर उभारलेली सीमा मालक ही वास्तू मात्र आम्हा सर्वांना आवडली. वास्तुविशारद जेफ्री बावा यांचे हे काम. पाण्यावर तरंगल्यासारखे तीन चौथरे, मधला मंडप, आणि काठाने ओळीने बसलेल्या बुद्धमूर्ती.

तिथे माझ्या हातून एक चूक घडली. मुलगी छायाचित्र काढत होती आणि मी मूर्तीकडे पाठ करून ऐटीत उभा राहिलो. एक वृद्ध उपासिका पुढे आल्या, त्यांनी एक शब्दही न बोलता माझे दोन्ही खांदे धरले आणि मला वळवून मूर्तीकडे तोंड करून उभे केले. जसे आपण पहिलीच्या मुलाला प्रार्थनेच्या रांगेत सरळ करतो तसे. या देशात बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढणे हा अनादर समजतात. आयुष्यभर मुलांच्या रांगा सरळ केल्याबद्दल मला मिळालेली ती परतफेड होती. माय पदराआड हसत राहिली.

चारच्या सुमारास विहारमहादेवी उद्यानासमोर टाऊन हॉलपाशी उतरलो. पांढरा घुमट, उंच खांब, समोर हिरवळ. १९५० साली मे अखेरीस बाबासाहेब माईसाहेबांसह या देशात आले. २५ मे रोजी कँडी येथे जागतिक बौद्ध संघटनेची स्थापना होत होती. त्यानंतर कोलंबोत त्यांनी भारतातील बौद्ध धम्माच्या उदयास्तावर व्याख्यान दिले, आणि टाऊन हॉलच्या सभेत येथील अस्पृश्यांना धम्म स्वीकारण्याचे आवाहन केले. येथील बौद्धांनी या लोकांना पित्याच्या मायेने सांभाळावे, असेही ते म्हणाले. तेव्हा त्यांना जाऊन सहा वर्षेच उरली होती आणि दीक्षाभूमी अजून सहा वर्षे दूर होती. त्याच वर्षी औरंगाबादचे आपले महाविद्यालय सुरू झाले. किती कामे एकाच वेळी त्या एका देहाने ओढली!

ज्यांना उद्देशून ते बोलले, ते लोक कोण? त्यांतले अनेक दक्षिण भारतातून चहामळ्यांसाठी, रस्त्यांसाठी, शहराच्या सफाईसाठी आणलेले. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने मळ्यांतील लाखो तमिळ मजूर एका फटक्यात कोणत्याच देशाचे उरले नव्हते. १९६४ साली दोन सरकारांनी त्यांची वाटणी केली : इतके तुमच्याकडे, इतके आमच्याकडे. त्यांना पूर्ण नागरिकत्व मिळायला २००३ साल उजाडावे लागले. हे मी मुलीला सांगत होतो. आमचा रिक्षाचालक शेजारी उभा राहून ऐकत होता. मराठी त्याला कळत नव्हते, पण ‘१९६४’ हा आकडा मी इंग्रजीत उच्चारला तेव्हा तो म्हणाला, ‘‘माझे काका गेले त्यात. कोईमतूरच्या बाजूला. मी त्यांना पाहिलेलेच नाही.’’

अंधारू लागले तशी पावसाची एक सर आली आणि गेली. रस्त्यांवर कंदील पेटले. अष्टकोनी, कमळाच्या आकाराचे, काही घराएवढे. चौकांत प्रचंड रोषणाईची ‘तोरणे’ उभी होती, शब्दही आपलाच. त्यांवर जातककथांची चित्रे आणि हजारो दिव्यांची धावपळ. ट्रकवर उभी राहून पांढऱ्या वेशातली मुले भक्तिगीते गात होती. वॉर्ड प्लेसच्या रस्त्याने आम्ही परतत होतो, तोच दहा-बारा तरुणांनी ध्वज हलवत आमची रिक्षा अडवली. मला वाटले, वर्गणी. चालक हसून म्हणाला, ‘‘दन्सल आहे. जेवायला बोलावतात.’’

दन्सल म्हणजे दानशाळा. वैशाखाच्या या दिवसांत गल्लीगल्लीत लोक मंडप घालतात, वर्षभर पैसे साठवून अन्न शिजवतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून जेवू घालतात. कुठे भात-आमटी, कुठे आइसक्रीम, कुठे बेलफुलांचा गुळाचा काढा. जात, धर्म, देश, पैसा काही विचारत नाहीत. लांबच लांब रांग होती. मोटारीतून आलेले आणि अनवाणी आलेले एकाच रांगेत उभे होते. सहचारिणी आणि मुलगी लगेच उतरल्या. माय हलली नाही.

‘‘उतर माय, जेवून घेऊ.’’

‘‘तुमी खा. मी मांगून खात नाही.’’

‘‘हे मागणे नाही, माय. हे दान आहे. पुण्याचे काम म्हणून...’’

‘‘थे बी दानच म्हनत व्हते.’’

माझा पुढचा शब्द घशातच राहिला.

माय लहान असताना तिच्या आईबरोबर गावातून भाकरी गोळा करायला जायची. महारकीचा तो ‘हक्क’ होता, असे गावाचे म्हणणे. डोक्यावर टोपले, दारोदार हाक, आणि वाड्याच्या ओट्यावरून कुणीतरी शिळी भाकरी खाली सोडायची. शिवायचे नाही म्हणून उंचावरून. नेम चुकला तर भाकरी मातीत. ती झटकून टोपल्यात ठेवायची. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर तिचा बाप नागपूरहून परत आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ते टोपले चुलीत घातले. हा प्रसंग मी अनेकदा ऐकला आहे. सभांतून सांगितलाही आहे. सभांतून जे सांगितले नाही ते असे, की त्या हिवाळ्यात गावाने काम बंद केले आणि त्यांच्या घरी अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या कण्या यांवर दिवस निघाले. मायचा धाकटा भाऊ त्याच थंडीत गेला. मायने त्याविषयी कधी कोणाला दोष दिला नाही. बापाला तर नाहीच. पण त्या सालापासून तिने कोणापुढे ताट धरलेले नाही. लग्नकार्यातही ती शेवटच्या पंगतीला, वाढणाऱ्या बायांबरोबर बसते. आम्ही तो तिचा स्वभाव समजत आलो.

चालक काय झाले म्हणून विचारू लागला. मी थोडक्यात सांगितले. तो बराच वेळ स्टिअरिंगच्या दांड्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ‘‘आज इथे कोणी विचारत नाही, सर. म्हणून मी दरवर्षी जेवतो. उद्याचे उद्या.’’

एवढ्यात मंडपातून पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी ताट घेऊन रिक्षापाशी आली. म्हातारी उतरत नाही म्हणजे पाय दुखत असतील, असा तिने अर्थ लावला असावा. ताट दोन्ही हातांत धरलेले. तिने गुडघे वाकवले, मायच्या डोळ्यांच्या खाली ताट येईल एवढी ती वाकली, आणि ‘‘अम्मा, बत,’’ असे म्हणाली.

मायने ताटाकडे पाहिले नाही. तिच्या हातांकडे पाहिले. मनगटापर्यंत भाताची शिते चिकटलेली होती.

‘‘हिले विचार,’’ माय मला म्हणाली, ‘‘हे जेवली का?’’

मी इंग्रजीत विचारले. मुलगी हसली. सकाळपासून नाही, सगळ्यांचे झाल्यावर जेवणार, असे तिने सांगितले.

तेव्हा माय उतरली. ताट तिने त्या मुलीच्या हातून घेतले, पण खाल्ले नाही. माझ्या हातात दिले आणि मंडपात शिरली. मंडपाच्या तोंडाशी ठेवलेल्या पाण्याने हात धुतले, पदर कमरेला खोचला. मला वाटले, कोणीतरी तिला थांबवील. कोणी थांबवले नाही. मोठ्या पातेल्यांतून भात, परिप्पू म्हणजे डाळ, कोवळ्या फणसाची भाजी आणि पापड असा बेत होता. ताटांवर प्लास्टिकचा पातळ कागद पसरत होते. जेवण झाले की कागद काढून टाकायचा, ताट धुवायला नको. मायला ही युक्ती पटली नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होते. भाताच्या पातेल्यावर विशीतला एक मुलगा घामाघूम होऊन वाढत होता. रांग लांब, त्याचा हात घाईत. भात ताटात पडताना शिते उडत होती. माय त्याच्या शेजारी उभी राहून दोन-तीन ताटे पाहत राहिली. मग तिने त्याच्या हातावर हात ठेवला.

‘‘टाकू नोको. ठेव.’’

मुलाला भाषा कळण्याचे कारण नव्हते. तिने डाव घेतला, समोरच्या माणसाच्या ताटाला डावा हात लावला, आणि वाकून भात ठेवला. पुढच्याला तसाच. तिसऱ्याला तसाच. मुलाने पाहिले आणि दुसरा डाव उचलून तिच्याप्रमाणे वाढू लागला. पुढे तासभर माय त्या पातेल्यामागे उभी होती. ‘‘भात? भात?’’ असे ती विचारी आणि समोरून ‘‘बत, अम्मा,’’ असे उत्तर येई. कोणी ‘साधु’ म्हणून हात जोडी. गुडघ्यांचे दुखणे कुठे गेले होते, कोण जाणे. रांगेत आमचा चालकही आला. त्याला तिने एक डाव जास्त वाढला.

मी एका खांबाशी मायने दिलेले ताट घेऊन उभा होतो. खायचे मला सुचत नव्हते. मुलगी शेजारी येऊन उभी राहिली. दुपारचा प्रश्न तिने पुन्हा काढला नाही, मीही काढला नाही. तिने माझ्या ताटातला पापड मोडून घेतला.

रांग आटोपली तेव्हा साडेनऊ झाले असतील. वाढणारी मुलेमुली आता बाकांवर जेवायला बसली. ती शिते चिकटलेल्या मनगटांची मुलगी मायच्या शेजारी. कोणीतरी मायपुढे ताट ठेवले. कोणी ठेवले ते मला दिसले नाही. माय शेवटच्या पंगतीला जेवली. भाजीत नारळ जास्त झाल्याचे तिचे मत पडले.

निवासावर परतताना पुन्हा पाऊस लागला. रस्त्यावरचे कागदी कंदील भिजून मिटत होते आणि घरोघरची माणसे शिड्या लावून ते उतरवण्याची धांदल करत होती. रात्री मी मायच्या पायांना तेल लावत बसलो. मला वाटले, ती झोपली. बऱ्याच वेळाने डोळे न उघडताच तिने विचारले, ‘‘बाबू, थे उद्या बी राहते का?’’

आणखी काही दिवस असते, असे मी सांगितले.

‘‘मंग उद्या सकाऊनच जाऊ. भाजी चिराले मानसं कमी हायेत त्यायच्यापाशी.’’